नलूताईचं रुखवत

४ डिसेंबर. सकाळपासून जुन्या साड्या फाडते आहे. पायपुसणी करायची आहेत. साडी कात्रीनं कापायची नाही. काठाला एक चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ताणून फाडत न्यायची, म्हणजे पट्टी सरळ येते. कात्रीनं वाकडीच येते, हात कितीही बसलेला असो. सुती साडी टरटर फाटते. नायलॉनची साडी किंचाळल्यासारखी वाजते, शेजारच्या फ्लॅटमधला कुत्रा भुंकायला लागतो. पट्ट्यांचे गोळे करायचे, तीनपदरी वेणी घालायची, वेणी गोल फिरवत दोऱ्यानं शिवत जायची. हे मला नलूताईनं शिकवलं. नलूताई माझी मोठी बहीण. आता ती नाही. अमरावतीच्या या घरात तिच्या हातची एकही वस्तू नाही. ते का, हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. पट्ट्या फाडताना डोकं रिकामं असतं, म्हणून आजच बसले.

आम्ही अकोल्याला जुन्या शहरात राहायचो. पुढे दोन खोल्या, मागे लांबट अंगण, अंगणापलीकडे मोर्णा नदीकडे उतरत जाणारी बोळ. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. रुईच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचे उरलेले तुकडे आणि फाटकं गोणपाट ते सायकलला बांधून आणत. आई म्हणे, "जिनवाल्यानं तुमाले माणूस म्हणून ठेवलं का भंगारवाला म्हणून?" पण आणलेलं कधी वाया गेलं नाही. लोखंडी पट्ट्यांची कमान करून नलूताईनं त्यावर गोकर्णीचा वेल चढवला होता. फुटलेल्या रांजणाचा बुडखा जमिनीत अर्धा पुरून त्यात चिमण्यांसाठी पाणी ठेवलं होतं. दवाखान्यातल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या उलट्या पुरून अबोलीच्या वाफ्याला कड केली होती, दुपारच्या उन्हात ती हिरवी-तपकिरी चमकायची. तेलाच्या डब्यांना गेरू लावून त्यात पुदिना, ओवा, गुलबक्षी. अकोल्याच्या उन्हाळ्यात डबे इतके तापत की मुळं शिजून जात. मग आम्ही त्यांना ओल्या गोणपाटाचे झगे घालायचो. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. डब्यांना पाणी घालणं, झगे ओले करणं आणि नलूताईची सुई हरवली की ती शोधणं, ही माझी कामं.

नलूताईच्या हातांवर कोड होतं. बोटांच्या पेरांपासून सुरुवात झाली आणि हळूहळू दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले. बाकी ती सावळी, त्यामुळे हातात कोणी पांढरे मोजे घातल्यासारखं दिसे. डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं होतं, की हे लागट नाही, याचा कशालाही त्रास नाही. आईनं ते गल्लीत सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी "हो, हो" म्हटलं. आजही लोक हो-होच म्हणतात आणि आपापल्या मुलासाठी मुलगी पाहायला दुसऱ्याच घरी जातात.

मॅट्रिकनंतर आईनं तिला रुखवताला बसवलं. रिकामी बसली तर विचार करेल, ही आईची भीती. रुखवत म्हणजे लग्नात मांडवात मांडून ठेवायच्या शोभेच्या वस्तू, नवरीनं आपल्या हातानं केलेल्या. पाहुणे त्याभोवती फिरतात, हात लावून बघतात, आणि त्यावरून पोरीची हुशारी ठरते. लग्न जमलं की रुखवत करायला घ्यायचं, अशी रीत. आमच्याकडे उलटं झालं. स्थळाचा पत्ता नव्हता आणि रुखवत तयार होत गेलं. शेजारच्या कमलमावशी आईला म्हणाल्याही, "पाळणा आधी आनला तं लेकरू रुसते म्हनतात वो. हे तसंच व्हईन." आई म्हणाली, "रुसू दे. पोरगी तं हसते ना करताना." ती खरंच हसायची. काम करताना तिच्या घशातून बारीक गुणगुण चालायची, तिचं तिलाही कळत नसे.

बाहेरून विकत आणलेलं त्या रुखवतात फारसं काही नव्हतं. कापूस वेचून झाला की झाडाला बोंडाची टरफलं राहतात, पाच पाकळ्यांची, वाळून लाकडासारखी कडक. शेतकरी ती पऱ्हाटीसकट, म्हणजे वाळल्या झाडासकट, चुलीत घालतात. नलूताई ती पोत्यानं गोळा करी, सोड्याच्या पाण्यात उकळून काढी, पातळ रंगात बुडवी आणि तारेवर चढवी. दोन हात लांबून कोणाला सांगता येत नसे की ती फुलं खरी नाहीत. पऱ्हाटीच्याच काड्यांची तिनं बैलगाडी केली होती, चाकं फिरणारी. फ्यूज गेलेल्या बल्बांचे नवरा-नवरी होते, नवरीला आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा शालू. काचेच्या नळ्यांचं तोरण होतं. आणि सगळ्यांत देखणं म्हणजे बांगड्यांच्या काचांचं तुळशीवृंदावन, वीतभर उंच, हिरव्या काचांत मधूनच एक लाल.

त्या काचा हमीदाबी द्यायची. तिचं बांगड्यांचं दुकान आमच्या बोळीच्या तोंडाशी होतं. दुकानात फुटलेल्या बांगड्या ती फेकायची नाही, टोपलीत टाकून ठेवायची. "ले बेटा, तेरा सोना," म्हणून टोपली नलूताईपुढे सरकवायची आणि वर दटावायची, "आन हात रिकामे ठिवून जाऊ नको मायासमोरून. बस इथं." मग नलूताईचा पांढरा हात आपल्या हातात घेऊन, दाबून, पंजा आवळून तिला दोन-दोन बांगड्या चढवायची. बांगडीवालीला सगळ्या बायकांचे हात धरावेच लागतात, त्यात विशेष काही नाही. पण आमच्या घराबाहेर तिचा हात कोणी तसा धरल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मुलगी पाहायला लोक येत. पुढच्या खोलीत आई मुद्दाम रुखवतातले दोन-चार नग मांडून ठेवी. तिथंच चुकत होतं, पण घरात कोणाच्या ते लक्षात आलं नाही. पाहुणे तोरण बघत, गाडीची चाकं फिरवत, "कोणी केलं हो?" विचारत. "हिनंच." मग सगळ्यांचे डोळे एकदम तिच्या हातांवर जात. ट्रे धरलेले दोन हात. एरवी चेहरा पाहून पसंती दिली असती, असेही काही हात पाहून उठले. बार्शीटाकळीच्या एका बाईंनी तर तोरणाला लावलेलं बोट पदराला पुसलं. त्या गेल्यावर नलूताईनं तोरण पेटीत ठेवलं आणि आईसोबत भाकरी थापायला बसली. त्या दिवशी तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी होती, झणझणीत. आम्ही सगळे नाकं पुसत जेवलो आणि कोणाचं नाक कशानं वाहतंय याची कोणी चौकशी केली नाही.

रुखवत एका पत्र्याच्या पेटीत असे. गल्लीत कोणाचं लग्न निघालं की पेटी मागायला येत. असं रुखवत आसपास कोणाकडेच नव्हतं. नलूताई पेटी घेऊन जाई, मांडून देई, जेवणावळ संपली की पुन्हा बांधून आणी. रुखवतापुढे ठेवायच्या पाटीवर त्या त्या नवरीचं नाव असे. खोटं आहे हे सगळ्या गल्लीला माहीत असे, म्हणून ते खोटं वाटत नसे. नवरीची आई एखादी बाहुली, एखादं रुमालाचं फूल पोरीसोबत देई, बाकीचं मुकाट्यानं पेटीत परत. अशी ती पेटी किती मांडवांत जाऊन आली. पांढऱ्या हातांची भाकरी ज्यांना चालत नव्हती, त्यांना त्या हातांचं तोरण चालत होतं. मला तेव्हा हे विचित्र वाटलं नाही. वयच तसं होतं. जे रोज घडतं ते बरोबरच असणार, असं वाटायचं.

मग अमरावतीच्या काकांच्या सुनंदाचं लग्न ठरलं. काका बाबांचे थोरले भाऊ. काकू स्वतः अकोल्याला आल्या, येताना वरूडची संत्री आणली, आणि नलूताईला म्हणाल्या, "नलू, तुहं रुखवत आमच्या सुनंदाले दे वं. मोठं घर हाय. नणंदा-बिनंदा मोजून ठिवतीन सगळं. सुनंदाले तं सुईत दोरा ओवता येत नाई, तुले मालूमच हाय." नलूताई हसून म्हणाली, "मले तिचं मालूम हाय, पन त्यायले कसं सांगान?" काकू म्हणाल्या, "ते मी पायतो. सासरच्यायले कानात सांगून देतो, मांडाले आनलं म्हनून. तू निचिंत राय." पाटीसुद्धा त्यांनी नलूताईकडूनच करून घेतली. तिचं अक्षर सुंदर होतं. पुठ्ठ्यावर डिंक लावून, मोहरीचे दाणे चिकटवून तिनं लिहिलं, 'चि. सौ. कां. सुनंदाच्या हस्तकलेचे नमुने'. एकेक दाणा चिमटीनं ठेवत होती. आईनं दोनदा येऊन बघितलं आणि दोन्ही वेळा परत गेली.

तुळशीचं लग्न होऊन गेल्यावरची ती तिथी. आम्ही एसटीनं पेटीसकट गेलो. मूर्तिजापूरला कंडक्टर पेटी टपावर टाका म्हणून अडून बसला, नलूताईनं ऐकलं नाही. ती मांडीवर पेटी घेऊन बसली आणि प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी तिला वर उचलायची. मांडव काकांच्या घरापुढेच होता. नलूताईनं पहाटेच उठून रुखवत मांडलं. पांढऱ्या चादरीवर मधोमध वृंदावन, पुढे बैलगाडी, गाडीत बोंडाची फुलं भरलेली, मागे तोरण. मांडून झाल्यावर ती दोन पावलं मागे सरून बराच वेळ बघत राहिली. इतकं सगळं एकत्र, इतक्या मोठ्या जागेत तिनंही कधी मांडलं नव्हतं.

मुलाकडच्या बायका आल्या आणि त्याच्यावर तुटून पडल्या. नवरदेवाची आत्या सगळ्यांत पुढे, आवाज लाउडस्पीकरवर मात करणारा. "अगं बाई, हे पाय वं! बोंडं हायत हे, बोंडं! आपन चुलीत घालतो!" काकू शेजारी उभ्या होत्या. कानात सांगायची वेळ हीच होती. पण आत्याबाई म्हणाल्या, "इहीनबाई, तुमच्या पोरीच्या हातात तं लक्षुमी हाय," आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, "लहानपनापासूनच नाद हो तिले. अभ्यास सोडून हेच." एवढ्या चारचौघींत एकदा निघालेला शब्द मागे घेता येत नाही. मी आणि नलूताई खांबापाशी होतो. नलूताई मला म्हणाली, "पाय, सुनंदाले अभ्यासाचा बी नाद होता म्हनते." तिला तोवर गंमतच वाटत होती.

जेवणं झाली. वरण-पोळी, वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. बुंदी संपत आली म्हणून मी दुसऱ्यांदा पंगतीला बसायच्या विचारात होते, तेवढ्यात मांडवापाशी टेम्पो लागला. मुलाकडची माणसं आंदणाची भांडी चढवायला लागली आणि त्याच ओघात रुखवतही उचलायला लागली. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. नवरीनं केलेलं नवरीसोबत जातं. आत्याबाईंनी तोरण हातावर गुंडाळलं आणि बैलगाडीवर टाकलं. नलूताई धावली. "थांबा, थांबा, तसं नाई! नळ्या फुटतीन. आधी तोरन खाली, मधात कापूस, गाडी सगळ्यायच्या वर." तिनं आत्याबाईंच्या हातातून तोरण घेतलं. घेताना हाताला हात लागला. आत्याबाईंनी खाली बघितलं.

"तुया हाताले काय झालं वं?"

"काई नाई. डाग हायत."

"कोड हाय का?"

नलूताईनं तोरण चादरीवर ठेवलं. आत्याबाई वाईट बाई नव्हत्या, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. आवाज बराच खाली आणून त्या बोलल्या. "मंग तू राहू दे, बाई. राग नोको मानू. नव्या नवरीचं सामान हाय, शुभाचं. दुसऱ्या कोनाले सांग बांधाले." नलूताईनं काकूंकडे बघितलं. मीही बघितलं. काकू चटकन म्हणाल्या, "हो, नलू, तू जेवून घे. सकाळपासून उपाशी हायेस." मंडपाच्या टोकाला सुनंदा उभी होती, कपाळाला मुंडावळ्या. तिनं तोंड उघडलं, "आत्याबाई, ते नलूनं..." काकूंनी तिचा दंड धरला आणि मुंडावळ्या सारख्या करायला लागल्या. सुनंदाचं वाक्य तिथंच राहिलं.

मग आम्ही उभ्या राहून बघितलं. आत्याबाईंच्या दोन भाच्यांनी रुखवत बांधलं. तोरण वर, गाडी खाली. वृंदावन एका पातेल्यात घातलं आणि वरून पोळपाट ठेवला. बल्बाची नवरी फुटली, तो आवाज आला. लहानसाच, आपण दिवाळीत टिकल्या फोडतो तसा. नलूताईचे दोन्ही हात पदराखाली होते. पेटी मात्र ते विसरले. रिकामी पेटी घेऊन आम्ही परतीच्या एसटीत बसलो. या वेळी कंडक्टरनं ती टपावर टाकली, कोणी अडवलं नाही.

बडनेरा गेल्यावर आई म्हणाली, "भाऊजीयले निरोप धाडा. म्हनावं, पंधरा दिवसांनी गुपचूप पाठवून द्या." बाबा खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "काय सांगून पाठवतीन ते? आपल्या पोरीनं केलंच नाई म्हनून? सुनंदाचं हसं व्हईन सासरी. आजच तं गेली ते." मागितलं तर एका पोरीचा संसार पहिल्याच महिन्यात नासणार, नाही मागितलं तर दुसरीची सगळी कमाई गेली. आई नलूताईला म्हणाली, "पुढच्या दिवाळीपावेतो पुन्हा व्हईन वं तुहं." नलूताई म्हणाली, "माहं काय व्हईन, आई?" आणि डोळे मिटून मागे टेकली. झोपली नव्हती. बाहेर दोन्हीकडे कपाशी होती, वेचून झालेली, टरफलं मिरवत उभी.

पुढे मी लग्न होऊन अमरावतीलाच आले, तेव्हा सुनंदाकडे गेले होते. दिवाणखान्यात काचेचं कपाट, त्यात वृंदावन आणि बोंडाची थोडी फुलं, रंग उडालेली. सुनंदा पाणी आणायला आत गेली तेव्हा तिच्या सासूबाई मला कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या सुनेनं केलं सगळं. लग्नानंतर मात्र तिनं सुई म्हणून हातात धरली नाही, काय झालं कोणास ठाऊक." मी चहा घेतला, संक्रांतीला या म्हटलं आणि उठले. मी पुन्हा त्या घरी गेले नाही. नलूताईनंही पुन्हा असं काही केलं नाही. आता तर रुखवत भाड्यानं मिळतं, पाटीसकट. नाव तेवढं बदलायचं. लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही आणि मलाही भांडायची हौस नाही.

सुनंदाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कमलमावशी आमच्याकडे आल्या. आई मागे अंगणात धुणं धूत होती. मी शाळेचा गणवेश घालून वेणी घालत होते. नलूताईनं चहा टाकला होता, त्यातला एक कप तिनं मावशींपुढे ठेवला.

"नलू, माह्या पुष्पीचं जमलं वं," मावशी म्हणाल्या. "पेटी पाहिजे होती."

"पेटी रिकामी हाय, मावशी. रुखवत सासरी गेलं."

"आन तू?" मावशी हसल्या. चेष्टेनंच म्हणाल्या त्या.

"मी इथंच हावो."

मग तिनं काय झालं ते सांगितलं, चार वाक्यांत. मावशींनी "अरे देवा" म्हटलं, काकूंच्या नावानं बोटं मोडली आणि मग म्हणाल्या, "पुष्पीसाठी नवं करून दे ना मंग. सामान मी आनून देतो. तुलेही तेवढाच इरंगुळा."

"करून देतो," नलूताई म्हणाली. "पाटीवर पुष्पीचं नाव लिवा, माहं काई म्हननं नाई. फकस्त मांडाले मी येईन आन बांधाले बी मीच येईन. सगळ्या पाव्हन्यायच्या समोर, ह्याच हातानं. तेवढं आधी सांगून ठेवजा त्यायले."

मावशींनी तिच्या हातांकडे बघितलं. जन्मभराची शेजारीण, पण असं थेट त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग पदर सारखा केला.

"पाव्हने कसे असतात, काय मालूम," त्या म्हणाल्या. "घरी इचारून सांगतो."

त्या उठून गेल्या. मावशींचा चहा कपात तसाच होता. नलूताई आईला धुणं पिळू लागायला मागे गेली. मी तो चहा प्यायले, कप विसळून पालथा घातला आणि शाळेत गेले.